प्रयोगशाळेचे दार विद्यार्थ्यांना उघडेल काय?

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग ज्यांना वारंवार आला आहे, त्यांना पुढील अनुभव नवा वाटणार नाही. प्रयोग अनुमापनाचा असतो. विद्यार्थ्याने ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडावयाचे, रंग नेमका कोणत्या थेंबाला पालटतो ते पाहावयाचे, ब्युरेटवरील आकडा टिपावयाचा आणि हे सारे तीन वेळा करून स्थिर वाचन काढावयाचे, अशी अपेक्षा असते. उत्तरपत्रिका हाती घ्याव्यात, तो पंचवीस विद्यार्थ्यांच्या पंचवीस उत्तरपत्रिकांवर तिन्ही वेळचे वाचन एकच असते: १०.१, १०.१, १०.१. हा आकडा कोठून आला, असे विचारण्याची गरज नसते. तो आदल्या दिवशी शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलेला असतो, किंवा आदल्या तुकडीकडून जिन्यात कळलेला असतो. कित्येक टेबलांवरील ब्युरेट तर पुरती ओलीही झालेली नसते. सत्तर गुणांची लेखी आणि तीस गुणांची प्रात्यक्षिक अशी विभागणी आहे. आणि त्या तीसांपैकी सत्तावीस-अठ्ठावीस गुण बहुतेकांना मिळतात. प्रस्तुत लेखकानेही ते दिले आहेत. ही कबुली आरंभीच देणे बरे. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते केवळ दुसऱ्यांना दोष देण्यासाठी नाही.

या पंचवीस मुलांना लबाड म्हणणे सोपे आहे. परंतु जरा विचार केला तर असे दिसेल, की त्यांच्या दृष्टीने त्या आकड्याला काही अर्थच नव्हता. १०.१ च्या जागी ९.७ आले असते तर जगात कोणाचे काय बिघडले असते? कोणाचेच नाही, बिघडले असते ते फक्त गुण. ज्या आकड्याच्या पलीकडे कोणी माणूस उभा नाही तो आकडा खरा असला काय आणि खोटा असला काय, सारखेच. आमच्या शाळा-महाविद्यालयांतील विज्ञानशिक्षणाचे खरे दुखणे उपकरणांच्या अभावाइतकेच या ठिकाणी आहे.

याच्या उलट अनुभव काही वर्षांपूर्वी आला. एका तालुक्याच्या गावी सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत आमच्या विद्यालयाचे चार विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस जाऊ लागले. दुधाचा दर फॅट आणि एस.एन.एफ. या दोन आकड्यांवर ठरतो, हे ग्रामीण भागातील कोणत्याही घरात माहीत असते. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हा पाया धरला जातो. त्याच्या खाली गेले की दर कापला जातो. संकलन केंद्रावर आता यंत्राने क्षणात आकडा निघतो. परंतु तक्रार आली की संघाच्या प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीनेच पडताळा घेतला जाई. नळीत १० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल, त्यावर अलगद १०.७५ मिलिलिटर दूध, मग एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. नळी हलवावयाची, यंत्रात फिरवावयाची, ६५ अंश उष्णतेच्या पाण्यात ठेवावयाची आणि मगच वर आलेल्या स्निग्धांशाच्या स्तंभाचे वाचन करावयाचे.

तेथील रसायनतज्ज्ञ बाईंनी एक चांगली रीत ठेवली होती. स्वतः तपासून निकाल दिलेल्या नमुन्याचाच उरलेला भाग त्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आणि आपला निकाल मात्र सांगत नसत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तक्रारीचा नमुना असाच एका मुलीकडे आला. अम्ल घालण्याचे काम बाईंनी स्वतः केले. पुढचे मुलीने केले. तिचे वाचन आले ३.३. बाईंचे होते ३.५. बाई रागावल्या नाहीत. दोहोंपैकी खरे कोणते, एवढेच त्यांनी विचारले. मुलीने पुन्हा नळी भरून घेतली, पुन्हा सारे केले आणि तिला आपली चूक सापडली. पहिल्या वेळी नळी ऊन पाण्यात पुरेशी ठेवण्यापूर्वीच घाईने तिने वाचन केले होते. स्निग्धांश आकसला होता आणि आकडा खाली आला होता. त्या दिवशी संध्याकाळी ती मला भेटली तेव्हा तिने विचारले, "सर, माझाच आकडा खरा धरला असता तर त्या आजोबांचे महिन्याला किती पैसे गेले असते?" आम्ही दोघांनी बसून तो हिशेब केला. रक्कम येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु त्या मुलीच्या वहीत त्यानंतर तीन वेळचे वाचन कधी एकसारखे आले नाही. जसे येई तसेच ती लिही, आणि फरक का पडला ते खाली लिही.

दोन वर्षांच्या तासिकांत आम्हांला जे साधले नाही ते त्या पंधरा दिवसांत साधले. बाईंची भाषणे काही फार झाली नव्हती. आकड्याच्या पलीकडे माणूस असतो एवढेच त्या मुलीने प्रत्यक्ष पाहिले होते. शालेय वयाच्या विद्यार्थ्यांना कारखान्यांनी, संघांनी, सरकारी कार्यालयांनी आपल्या प्रयोगशाळांत काही दिवस उमेदवारी करू द्यावी, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्याचे समर्थन बहुधा "कौशल्य" आणि "रोजगार" या शब्दांनी केले जाते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. खऱ्या प्रयोगशाळेत प्रथम शिकावयाची गोष्ट म्हणजे नोंदीतील खरेपणा. आणि ती शाळेच्या प्रयोगशाळेत, निदान आजच्या अवस्थेत, शिकविता येत नाही.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन काढले, तेव्हा रसायनाचे व रंगकामाचे ज्ञान आणि हाताचे काम एकत्र आणावे, तेही देशी भाषांच्या द्वारे, हाच त्यांचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने शालेय शिक्षणात कार्यानुभवाला स्थान द्यावे अशी शिफारस केली. आपल्या पिढीतील शिक्षकांना त्या कार्यानुभवाचे पुढे काय झाले ते ठाऊक आहे: खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळवावयाचे ठरविले. १९९२ साली त्या मुदती पाच पाच वर्षांनी पुढे ढकलल्या गेल्या. महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम निघाले, त्यांत वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाचाही होता. काही ठिकाणी ते उत्तम चालले. पुष्कळ ठिकाणी ज्याला अन्यत्र प्रवेश मिळाला नाही त्याचे विश्रांतिस्थान झाले. २०२० च्या धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांजवळ काढावेत असे म्हटले, आणि बारावीपर्यंत सुट्टीच्या दिवसांतही अशी संधी देता येईल असे सुचविले. २०२५ सालापर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाचा परिचय घडावा, हे त्याच धोरणातील उद्दिष्ट. ते साल येऊन गेले. आपल्या गावातील अकरावीच्या वर्गात बसलेल्या किती मुलांनी एखाद्या चालत्या प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडला आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

कायद्याची बाजूही अशीच मधल्या मुलांना विसरलेली आहे. शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा १९६१ चा. तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असा २०१९ पासूनचा नियम आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रासायनिक कारखान्यातील प्रयोगशाळा साहाय्यकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा जाऊ शकतो. १९८६ च्या दुरुस्तीने बारावीपर्यंत व्यवसाय अभ्यासक्रम पुरा केलेल्यांनाही कायद्याच्या कक्षेत आणले. हे सर्व योग्यच झाले. परंतु हे सारे शाळा सुटल्यानंतरचे आहे. सोमवारी सकाळी पुन्हा आपल्या वर्गात जाऊन बसणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला दोन-तीन आठवडे पाहुणा उमेदवार म्हणून बोलवावयाचे असेल, तर त्याला या कायद्यात नाव नाही. तो कामगार नाही, करारबद्ध शिकाऊ नाही आणि नुसता सहलीला आलेला प्रेक्षकही नाही. ज्याला नाव नाही त्याला फाटकावरचा पहारेकरी आत सोडत नाही, ही व्यवहारातील साधी गोष्ट आहे.

मालक आणि व्यवस्थापक नकार देतात, तो सर्वस्वी अप्पलपोटेपणाने देतात असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांची पहिली अडचण सुरक्षिततेची आहे, आणि ती खरी आहे. वर सांगितलेली साधी दुधाची चाचणीसुद्धा तीव्र गंधकाम्लावाचून होत नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस निवळण्यासाठी शिशाचा विषारी क्षार वापरण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा ते अठरा वयाच्या मुलांना घातक व्यवसायांत ठेवण्यास बंदी झाली. त्याआधी २०१४ साली शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यातही घातक उद्योगांशी निगडित कामांसाठी किमान वय अठरा करण्यात आले. ज्या देशाने १९८४ साली भोपाळ पाहिले, त्या देशात हे बंधन सैल करा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

परंतु प्रश्न बंधन सैल करण्याचा नाही. देखरेख घट्ट करण्याचा आहे. ज्या देशांत मुलांच्या सुरक्षिततेविषयी आपल्याहून अधिक काटेकोरपणा आहे, तेथे हा प्रश्न कसा सोडविला आहे ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीत रासायनिक प्रयोगशाळा साहाय्यकाची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते. काही दिवस कारखान्याच्या प्रयोगशाळेत आणि काही दिवस व्यवसायशाळेत, असा तिचा क्रम. तेथील तरुण कामगारांच्या संरक्षणाचा कायदा धोक्याची कामे मुलांना मना करतो. मात्र शिक्षणासाठी ते काम आवश्यक असेल आणि जाणत्या माणसाची देखरेख असेल, तर मर्यादित परवानगी देतो. इंग्लंडमध्ये १९९९ च्या नियमांत तत्त्व हेच आहे: सक्तीच्या शिक्षणाचे वय ओलांडलेल्या तरुणाला शिक्षणासाठी आवश्यक असेल तेथे, सक्षम व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि धोका शक्य तितका कमी करून, असे काम देता येते. तेथेच २०२१ च्या सप्टेंबरात सोळा ते एकोणीस वयाच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाचा एक नवा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. "टी लेव्हल" या नावाने तो ओळखला जातो आणि प्रयोगशाळाविज्ञान ही त्याची एक शाखा आहे. त्यात निदान ३१५ तास, म्हणजे सुमारे ४५ दिवस, खऱ्या मालकाकडे खऱ्या कामावर काढल्यावाचून विद्यार्थी उत्तीर्ण होत नाही. तेथेही जागा देणारे मालक मिळविणे सोपे नाही. मुलगा प्रयोगशाळेत असावा की नसावा, यावर तेथे वाद थांबलेला नाही. त्याच्या शेजारी कोण उभे असावे, हे मात्र तेथे लिहून ठेवलेले आहे. आपल्याकडे तेवढेच लिहावयाचे राहिले आहे.

दुसरी अडचण गुप्ततेची सांगितली जाते आणि तिसरी वेळेची. औषधांच्या कारखान्यात बाहेरचा मुलगा वह्या पाहणार, माहिती बाहेर जाणार, ही भीती अगदीच निराधार नाही. तेथील नोंदींचे नियम इतके कडक असतात, की नोंदले नाही ते घडलेच नाही असे धरले जाते; विद्यार्थ्याच्या हातचा एखादा कागद त्या व्यवहारात मिसळणे कोणत्याही व्यवस्थापकाला परवडणार नाही. याला उपाय मात्र दूध संघातील त्या बाईंनीच दाखवून दिला आहे. विद्यार्थ्याला द्यावयाचा नमुना तपासून झालेला, निकाल लागलेला असावा. त्याचे उत्तर तज्ज्ञाला ठाऊक असावे, विद्यार्थ्याला नसावे. विद्यार्थ्याची वही निराळी असावी आणि तिच्यातील एकही आकडा कोणाच्या पैशाचा किंवा औषधाचा निर्णय करण्यासाठी वापरला जाऊ नये. असे केले म्हणजे गुपितही सुरक्षित राहते आणि माल घेणाराही. वेळेविषयी बोलावयाचे तर, शिकविण्यात वेळ जातो हे मान्यच केले पाहिजे. परंतु सतरा वर्षांच्या मुलाने "हे असे का?" म्हणून विचारल्यावर वीस वर्षांच्या नोकरीत अंगवळणी पडलेली एखादी चुकीची सवय ज्यांच्या ध्यानी आली, असे प्रयोगशाळाप्रमुख प्रस्तुत लेखकास भेटले आहेत.

नकाराहून अधिक घातक एक प्रकार आहे, आणि तो म्हणजे खोटा होकार. याचाही अनुभव सांगितला पाहिजे. अशाच एका दुसऱ्या ठिकाणी, ज्याचे नाव येथे घेणार नाही, आमचे तीन विद्यार्थी धाडले होते. पंधरा दिवस त्यांनी बाटल्या धुतल्या, चिठ्ठ्या डकविल्या, साहेबांसाठी चहा आणला. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला सुबक छापील प्रमाणपत्र मिळाले: अनुमापन, भारमापन आणि उपकरणविश्लेषण यांत प्रावीण्य. त्यावर साहेबांची सही होती, आणि तिच्या खाली शाळेच्या वतीने माझी. मुलांनी ते माझ्या हाती दिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होते ते मी विसरलेलो नाही. स्थिर वाचन १०.१ लिहिणाऱ्या मुलाला मी कोणत्या तोंडाने बोलणार होतो? पंधरा दिवसांत त्यांना एकच गोष्ट नेमकी कळली होती: मोठी माणसेही असेच आकडे भरतात.

येथे बाटल्या धुण्याची निंदा करण्याचा हेतू नाही. काचेचे भांडे खरोखर स्वच्छ झाले की पाणी त्याच्या अंगावरून एकसंध पापुद्र्यासारखे ओघळते. कोठे तेलकटपणा राहिला असेल तर ते थेंबाथेंबांनी तुटते. हे ज्याला दाखविले आणि त्या तेलकटपणाने ब्युरेटच्या आकड्यात काय फरक पडतो ते समजावून सांगितले, त्याने पहिले दोन दिवस बाटल्याच धुतल्या तरी तो रसायनशास्त्रच शिकला. जे सांगितल्यावाचून करून घेतले जाते ते फुकटचे श्रम होत. जे सांगून करून घेतले जाते ते शिक्षण. एकच काम, त्याचा गुण पलटतो तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाने.

म्हणून मालकांपुढे ठेवावयाच्या मागण्या फार नाहीत, परंतु त्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एका जाणत्या कर्मचाऱ्याचे नाव कागदावर असावे, आणि एकाकडे दोघांहून अधिक मुले नसावीत. पहिला दिवस केवळ धोक्यांच्या ओळखीला द्यावा: डोळे धुण्याची जागा, वायू शोषून घेणारे कपाट, बाहेर पडण्याची वाट आणि कोणत्या बाटलीला हात लावावयाचा नाही. अम्ले, विषे आणि ज्वालाग्राही द्रव्ये यांची हाताळणी तज्ज्ञानेच करावी. चष्मा, हातमोजे आणि अंगरखा मालकाने पुरवावा. जाण्यायेण्याचा खर्च आणि दुपारचे जेवण हेही त्यानेच द्यावे. कारण ज्या मुलाच्या खिशात बसच्या तिकिटाचे पैसे नसतात त्यालाच या संधीची सर्वांत अधिक गरज असते, आणि तोच सर्वांआधी गळतो. मुलींना घरी परतावयास उशीर होणार नाही अशी वेळ असावी. शेवटी जे प्रमाणपत्र द्यावयाचे त्यात विशेषणे नसावीत. मुलाने कोणत्या चाचण्या पाहिल्या, कोणत्या स्वतः केल्या, किती वेळा केल्या आणि तज्ज्ञाच्या निकालाशी त्याचा निकाल किती जुळला, एवढेच असावे. असे एक साधे पान शंभर छापील प्रावीण्यांहून मोलाचे ठरेल.

आणि या प्रयोगशाळा शोधावयास मुंबई-पुण्यासच गेले पाहिजे असे नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला एक मोठी अनुकूलता आहे, तिचा आपण कधी विचारच केलेला नाही. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यांत जी धुराडी उभी राहिली, त्या प्रत्येक धुराड्याशेजारी एक प्रयोगशाळा आहे. तेथे दिवसरात्र रसाचे ब्रिक्स, पोल आणि शुद्धता काढली जाते. साखरेच्या उताऱ्यावर उसाचा किमान दर अवलंबून असतो. म्हणजे त्या खोलीतील दशांशचिन्हाच्या पुढचा आकडा पंचक्रोशीच्या घरांत पोचतो. दूध संघांच्या प्रयोगशाळा आहेत. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली, तिच्यासाठी मातीचे बारा घटक तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश हे शब्द शेतकऱ्याच्या मुलाने घरी ऐकलेलेच असतात. पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन योजनेत तर प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याच्या पेटीचा वापर शिकवावा, असे ठरले. जे काम गावातील बायाबापड्या शिकू शकतात असे सरकारला वाटते, ते विज्ञानशाखेच्या बारावीतील मुलांना शिकविणे अशक्य कसे म्हणता येईल? या बहुतेक प्रयोगशाळा सहकारी किंवा सरकारी आहेत, म्हणजे एका अर्थी आपल्याच आहेत. त्यांचे संचालक शाळांच्या संस्थांवरही पुष्कळदा बसलेले असतात. त्यांनी मनावर घेतले तर प्रारंभ करण्यास नवा कायदा येण्याची वाट पाहावी लागणार नाही.

शाळांनीही आपल्याकडे काही घेतले पाहिजे. उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो; तेव्हा साखर कारखान्यातील दिवस दिवाळीच्या सुट्टीत बसवावेत, दूध आणि माती यांचे मे महिन्यात. मुले तेथे असताना शिक्षकाने आठवड्यातून एकदा तरी जाऊन यावे. नुसती सही करण्यापुरते जाऊ नये. परत आल्यावर मुलाने वर्गापुढे उभे राहून आपली कोणती चाचणी चुकली आणि का चुकली ते सांगावे. बरोबर आले त्याचे गुण आपण देतच असतो; चूक सापडली त्याचे गुण देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. परीक्षा मंडळाने प्रात्यक्षिकाच्या तीस गुणांपैकी काही गुण अशा नोंदवहीला द्यावयाचे ठरविले, तर कदाचित फळ्यावरचा तो १०.१ पुसला जाईल.

विल्यम पर्किन या इंग्रज मुलाला वयाच्या पंधराव्या वर्षी लंडनच्या रसायन महाविद्यालयात हॉफमन यांच्या हाताखाली काम करावयास मिळाले. अठराव्या वर्षी, १८५६ साली, ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन तयार करण्याची त्याची खटपट चालली होती. क्विनीन काही झाले नाही. हाती आला एक काळपट गाळ. तो फेकून न देता हे काय आहे याचा त्याने शोध घेतला, आणि त्यातून जगातील पहिला यशस्वी कृत्रिम जांभळा रंग निघाला. पुढे त्यावर मोठा उद्योग उभा राहिला. अपेक्षेप्रमाणे न आलेले उत्तर त्या मुलाने खोडून अपेक्षित उत्तर लिहिले असते, तर? आपण आपल्या मुलांना नेमके तेच खोडावयास शिकवितो आहोत. प्रत्येक मुलगा पर्किन होणार नाही, हे उघड आहे. परंतु दुधाचा, मातीचा, पाण्याचा, रक्ताचा आणि औषधाचा निकाल उद्या याच मुलांपैकी कोणाच्या तरी हातून आपल्या घरी येणार आहे. तो निकाल त्याने नळीकडे पाहून लिहिलेला असावा की फळ्याकडे पाहून, हा प्रश्न केवळ शिक्षणखात्याचा नाही.

दूध संघातील त्या मुलीने पुढे कोणता अभ्यासक्रम घेतला, ती नोकरीस लागली की नाही, हे विचारले जाते. मला त्याहून तिचा तो एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तो प्रश्न तिला पडावा म्हणून एका प्रयोगशाळेने आपले दार पंधरा दिवस उघडे ठेवले आणि एका बाईंनी आपला निकाल तिच्यापासून काही तास लपवून ठेवला. एवढे करणे महाराष्ट्रातील शेकडो प्रयोगशाळांना सहज शक्य आहे. येत्या सुट्टीत त्यांतील काहींनी जरी केले, तरी पुढल्या परीक्षेत एखाद्या टेबलावर ९.९, १०.२, १०.१ असे तीन निरनिराळे आकडे परीक्षकाला पाहावयास मिळतील. त्या मुलाला पूर्ण गुण द्यावयास प्रस्तुत लेखकास अत्यंत आनंद वाटेल.